फोटोखालचं नाव

२ जुलै २०१३. अफगाणिस्तानच्या पूर्वेकडचा लघमान प्रांत. अफगाण सैनिकांचा मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, डागण्याचा सराव चालू होता, खऱ्या दारूगोळ्यानिशी. नळीत गोळा सोडायचा, मान खाली घालायची, कान झाकायचे. त्या दिवशी एक नळीच फुटली. समोर दोन कॅमेरे रोखलेले होते आणि दोन्हींचं बटण त्याच क्षणी दाबलं गेलं. एक कॅमेरा अमेरिकी सैन्यातल्या, ‘स्पेशालिस्ट’ हुद्द्यावरच्या हिल्डा क्लेटनचा. वय २२, गाव जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा. दुसरा एका अफगाण सैनिकाचा. त्याला ती फोटोग्राफी शिकवत होती. दोघंही गेली. त्यांच्याबरोबर आणखी तीन अफगाण सैनिक गेले. कॅमेऱ्यातले फोटो मात्र शाबूत राहिले.

क्लेटनच्या फोटोत नारिंगी जाळ आहे, धुळीचा लोट आहे, हवेत उडालेले बारीकसारीक तुकडे आहेत आणि जाळाला खेटून एक सैनिक आहे. स्फोटाच्या इतक्या जवळून काढलेला फोटो हललेला, पुसट असेल असं आपल्याला वाटतं. हा तसा नाही. हात हलायला वेळच मिळालेला नव्हता.

मे २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याच्याच ‘मिलिटरी रिव्ह्यू’ या नियतकालिकाने हे दोन्ही फोटो छापले आणि ते जगभर पोचले. क्लेटनच्या घरच्यांची आणि तिच्या तुकडीची संमती घेतलेली होती. तरी अशा वेळी होतो तो वाद झालाच: मरणाचा क्षण असा चव्हाट्यावर मांडावा का? मला विचाराल तर छापलं त्यात काही चूक नव्हतं. ती फोटोग्राफर होती, तो तिचा फोटो होता, घरच्यांनी हो म्हटलं होतं. माझं भांडण त्यानंतरच्या गोष्टीशी आहे. आज क्लेटनचं नाव घेतलं की हा एकच फोटो पुढे येतो. त्याआधी तिने अफगाणिस्तानात काय पाहिलं, कोणाला चौकटीत घेतलं, कुठे उभी राहिली, हे विचारायला कोणी थांबत नाही. फोटोग्राफर बाईचं सगळं आयुष्य आपण तिच्या शेवटच्या क्लिकमध्ये कोंबलं आणि त्याला श्रद्धांजली म्हटलं.

‘मिलिटरी रिव्ह्यू’चा तो अंक सैन्यातल्या स्त्री-पुरुष समानतेवर भर देणारा होता. फोटोसोबतच्या मजकुराचा आशय असा, की सरावात आणि युद्धात स्त्री सैनिक आता पुरुषांच्या बरोबरीने धोका पत्करतात, क्लेटनचा मृत्यू हे त्याचं प्रतीक. वाक्य खरं आहे. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी बायकांवरची लढाऊ नेमणुकांची बंदी उठवल्याचं जाहीर केलं ते २४ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे क्लेटनच्या मृत्यूच्या जेमतेम पाच महिने आधी. सगळी लढाऊ पदं खुली करण्याचा निर्णय व्हायला डिसेंबर २०१५ उजाडला. मधल्या काळात, आणि त्याआधीही, कॅमेरावाल्या बाईला मॉर्टरच्या पुढ्यात उभं राहायला कोणाची हरकत नव्हती. बंदी पदाला होती, धोक्याला नव्हती. पण समानतेचा हिशोब मांडायला बसल्यावर सैन्याला तिच्या नावावर जमा करण्याजोगं तिचं मरणच सापडावं? काम कुठे गेलं?

आणि तो दुसरा फोटो. तोही छापला गेला, तोही त्याच क्षणाचा, काढणाराही त्याच स्फोटात गेला. मी वाचलेल्या बातम्यांत त्याचा उल्लेख ‘अफगाण सैनिक’ किंवा ‘ती ज्याला शिकवत होती तो’ एवढाच आहे. तिला निदान नाव मिळालं.

क्लेटन ज्या ५५व्या सिग्नल कंपनीत होती तिला ‘कॉम्बॅट कॅमेरा’ म्हणत. मुक्काम मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला असे. सैन्यातले फोटोग्राफर म्हणजे हसऱ्या जवानांचे आणि फडकत्या झेंड्यांचे फोटो काढणारा जाहिरात विभाग, असा आपला एक समज असतो. यांचं काम तसलं नाही. तुकडीबरोबर रायफल घेऊन चालायचं आणि वेळ आली की रायफल बाजूला सारून कॅमेरा उचलायचा. काढलेलं बरंचसं लोकांपर्यंत पोचतच नाही. पूल किती मोडला, सरावात कोण कुठे चुकलं, धाडीत काय सापडलं, हे वरच्या अधिकाऱ्यांना दाखवायचं असतं, किंवा नोंद म्हणून ठेवायचं असतं. उद्या चौकशी बसली तर तोच पुरावा.

त्यांच्याकडे एक शिस्त मात्र हेवा वाटावा अशी आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फोटोला एक क्रमांक असतो. आधी वर्ष-महिना-दिवस, मग सैन्यदलाचं अक्षर, मग पाच अक्षरांची एक खूण, मग त्या दिवसातला कितवा फोटो तो आकडा. मधली पाच अक्षरी खूण फोटोग्राफरची. फोटो कुठेही भटकला, कोणीही कुठेही चिकटवला, तरी क्रमांक वाचला की तो कोणी काढला हे शोधता येतं. शिवाय खाली हुद्द्यासकट नाव छापायची पद्धत आहे, मग काढणारा जनरल असो की नुकता भरती झालेला पोऱ्या. क्लेटनचं आयुष्यभराचं काम कोणाला बघायचं असेल तर ते शोधायची वाट आहे. त्या वाटेने फारसं कोणी जात नाही, हा सरकारी दोष नाही. तो आपला, बघणाऱ्यांचा आहे. तिच्या कंपनीने आपल्या वार्षिक लष्करी फोटोग्राफी स्पर्धेला तिचं नाव दिलं, हे मला त्या गाजलेल्या फोटोपेक्षा जास्त पटलं. काही तरुण सैनिक तिच्या नावाच्या स्पर्धेत पाठीवर ओझं घेऊन धावतात आणि धापा टाकत फोकस साधायचा प्रयत्न करतात.

हे सगळं मला का लागतं ते सांगते.

माझी मावशी लष्करी परिचर्या सेवेत होती. गावाकडे तिला ‘मिलिटरीतली नर्स’ म्हणत, त्यात थोडा मान आणि थोडा संशय असे. लग्न केलं नाही. १९७२ मध्ये ती पुण्यातल्या लष्करी रुग्णालयात होती आणि तिच्याकडे आग्फाचा ‘क्लिक थ्री’ होता, बडोद्यात तयार होणारा तो काळा, डब्यासारखा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो. त्याला फारशा खटपटी नव्हत्याच. ऊन असेल तर एक खूण, ढग असतील तर दुसरी. वॉर्डात फोटो काढायची परवानगी नसे, त्यामुळे तिचे फोटो सगळे बाहेरचे: व्हरांडे, पायऱ्या, मागचं अंगण, स्वयंपाकघराचा धूर. प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने महिना, वर्ष आणि ‘ऊन’ किंवा ‘ढग’.

त्यातला एक फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. मागच्या अंगणात दोरीवर परिचारिकांच्या पांढऱ्या टोप्या वाळत घातल्यात, खळीने कडक झालेल्या, चिमटे लावून, रांगेत. त्यांच्या पलीकडे एक जवान कुबड्या घेऊन उभा आहे. डाव्या पायजम्याचा पाय गुडघ्याच्या वर दुमडून सेफ्टीपिनने टाचलेला. १९७१च्या लढाईतून असे कितीतरी जण पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात येत होते. जवानाचा चेहरा फोटोत नाही. गळ्यापाशी चौकट संपते.

मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन, आल्बम चाळताना म्हणाले, “मावशी, हा चुकलाय. डोकं कापलंय.”

ती म्हणाली, “चुकला नाही. घरी आईला अजून कळवलं नव्हतं त्याने. म्हणाला, सिस्टर, काढा, पण तोंड नको.”

फोटोग्राफीच्या नीतीवर पुढे मी बरंच काही वाचलं. या उत्तराच्या पुढे फारसं काही गेलं नाही.

तिच्या शोकसभेला व्यासपीठावर तिचाच फोटो होता, गणवेशातला, हार घातलेला. बोलणाऱ्यांनी तिला ‘रणरागिणी’ म्हटलं, ‘सेवेची मूर्ती’ म्हटलं. एकाने तर झाशीच्या राणीपर्यंत मजल मारली. तिने काढलेला एकही फोटो त्या हॉलमध्ये नव्हता. मीच आणायला हवा होता. मलाही सुचलं नाही. घरी आल्यावर कपाटातला आल्बम काढला तेव्हा लक्षात आलं, की चार ठिकाणी फोटोंचे कोपरे नुसतेच चिकटलेले आहेत. नातेवाइकांनी आपापले चेहरे असलेले फोटो कधीच काढून नेले होते. टोप्यांचा फोटो शिल्लक होता, कारण त्यात ओळखीचं कोणीच नव्हतं.

आता शब्दांकडे बघा. आपल्या भाषेत सैनिकाच्या आईला ‘वीरमाता’ आहे, बायकोला ‘वीरपत्नी’ आहे. ‘वीरनारी’ म्हटल्यावर तुम्हाला हातात बंदूक घेतलेली बाई दिसेल, पण सैन्याच्या रोजच्या बोलण्यात तो शब्द शहीद जवानाच्या विधवेसाठी वापरतात. स्वतः नोकरी करून, स्वतःच्या हुद्द्याने निवृत्त झालेल्या बाईला काय म्हणायचं? ‘माजी सैनिक’ हाच शब्द, आणि तो ऐकला की समोर उभा राहतो तो झुबकेदार मिशांचा सुभेदार. मावशी एकदा कसल्याशा दाखल्यासाठी एका सरकारी कचेरीत गेली होती. टेबलावरचा माणूस अदबीने म्हणाला, “मॅडम, साहेबांची पेन्शन ऑर्डर आणलीय का?” ती म्हणाली, “साहेब मीच.” तो बिचारा खजील झाला, चहाही मागवला. पण अर्जावरची ‘माजी सैनिक / त्यांची पत्नी / विधवा’ ही ओळ त्याने बनवलेली नव्हती. रणरागिणींना अर्ज भरावे लागत नाहीत, हा त्यांचा एक फायदा असावा.

बाकी बायका सैन्यात ‘आता आता’ आल्या हेही खरं नाही. १८८८ साली दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या आणि हिंदुस्थानातल्या लष्करी रुग्णालयांची घडी बसवू लागल्या. लष्करी परिचर्या सेवेची मुळं तिथे आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली बायकांचं साहाय्यक दल उभं राहिलं, त्यात दहा हजारांहून जास्त जणी होत्या. टेलिफोन, सांकेतिक संदेश, हिशोब, गाड्या चालवणं अशी कामं त्यांनी केली आणि युद्ध संपल्यावर दल गुंडाळलं गेलं. परिचर्या आणि वैद्यकीय सेवेपलीकडे पुन्हा बाईला अधिकारी व्हायला १९९२ उजाडावं लागलं, कायम कमिशनचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सोडवला आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, ३० मे २०२५ला बाहेर पडली. त्या संचलनाचे फोटो वर्तमानपत्रांनी घेतले आणि ते घेण्यासारखेच होते.

त्याच महिन्यात, ७ मेला, ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग समोर आल्या. तो फोटो आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेला. कर्नल कुरेशी सिग्नल कोअरच्या. मार्च २०१६ मध्ये पुण्यात औंधला झालेल्या १८ देशांच्या लष्करी सरावात भारतीय पथकाचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. सगळ्या पथकप्रमुखांत त्या एकट्या बाई होत्या. आता सांगा, ७ मेच्या त्या फोटोखाली फोटोग्राफरचं नाव तुम्ही वाचलंत का? १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात जनरल नियाझी शरणागतीवर सही करतायत, शेजारी जनरल अरोरा बसलेत, हा फोटो आपण दर वर्षी बघतो. बसलेल्या-उभ्या असलेल्यांची नावं शाळेतली मुलंही सांगतात. कॅमेऱ्यामागे कोण होतं, हे किती जण सांगतील? आपण आता बायकांना चौकटीच्या आत उदारपणे जागा देऊ लागलो आहोत. चौकट धरणारा हात आपल्या लेखी कोणाचाच नसतो, आणि तो बाईचा असेल तर दुप्पट कोणाचाच नसतो.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचं उदाहरण इथे टाळता येत नाही, जरी त्या सैनिक नव्हत्या. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयात. सुरुवातीला त्यांना एका फोटोचा एक रुपया मिळे आणि फोटो छापला जाई तो नवऱ्याच्या, माणेकशॉ व्यारावालांच्या नावाने. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या, ब्रिटिश माहिती सेवेच्या नोकरीत. म्हणजे महायुद्धाच्या ऐन धामधुमीत सरकारच्या प्रचारयंत्रणेसाठी त्या फोटो काढत होत्या. पुढे साडी नेसून, सायकलवरून फिरून, त्यांनी स्वातंत्र्याची, फाळणीच्या निर्णयाची, गांधीजींच्या अंत्ययात्रेची छायाचित्रं टिपली. १९७०मध्ये कॅमेरा खाली ठेवला आणि पुढे बडोद्याला एकट्या राहिल्या. त्यांच्या आयुष्यावर आणि कामावर कोणीतरी चिकाटीने बसून काम केलं, संग्रह जपला गेला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्या मनातली १९४७ची दिल्ली बरीचशी या एका पारशी बाईच्या नजरेतून आलेली आहे. पद्मविभूषण मिळालं २०११ साली, वयाच्या ९७व्या वर्षी. पुढच्याच जानेवारीत त्या गेल्या. त्या दीर्घायुषी होत्या म्हणून आपण वाचलो असं मला कधी कधी वाटतं. पंचाहत्तरीत गेल्या असत्या तर छोट्या चौकटीतली शोकवार्ता आली असती.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते मी निवृत्त फौजींच्याच तोंडून ऐकले आहेत. पहिला, सैन्यात ‘मी’ नसतो. काम पलटणीचं, नाव पलटणीचं. फोटोखाली हवालदाराचं नाव छापायला लागलात तर उद्या स्वयंपाक्याचंही छापावं लागेल. (छापावं की. बिघडलं काय?) यातली भावना मला समजते, पण हेच सैन्य शौर्यपदक व्यक्तीला देतं, प्रशस्तिपत्रात त्याने कोणत्या टेकडीवर काय केलं ते लिहितं, स्मारकाच्या दगडावर एकेक नाव क्रमांकासकट कोरतं. ‘मी’ नसण्याचा नियम मरणाला आणि शौर्याला लागू नाही, फक्त बघण्याला लागू आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तो आजच्या फोटोंना लागू होतोही. सीमेवरच्या फोटोग्राफरचं नाव त्याच संध्याकाळी जाहीर करा असं कोणी म्हणत नाही. पण १९६२, १९६५, १९७१च्या फोटोंमध्ये आता कसलं गुपित उरलं? संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धाच्या आणि मोहिमांच्या इतिहासाचं धोरण जाहीर केलं. कागदपत्रं साधारणपणे २५ वर्षांत खुली करायची असं त्यात ठरलं. कागद खुले होणार असतील तर फोटोंच्या पाठीवरची पेन्सिलही खुली व्हावी.

कायदाही फोटोग्राफरच्या विरोधात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. सरकारी नोकरीत काढला तर मालकी सरकारची होते, हेही त्यात आहे. पण कलम ५७ म्हणतं की मालकी दुसऱ्याकडे गेली तरी ‘हे मी केलं’ असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क शिल्लक राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून अडगळीत टाकलं, तेव्हा याच कलमाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली सरकारला फटकारलं होतं. मालक कोण आणि कर्ता कोण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी खात्यांना ठाऊक नाही असं नाही. नावाची एक ओळ छापायला पैसे पडत नाहीत. पडते ती सवय मोडण्याची किंमत.

सवय बदलता येते याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. १९१७ साली लंडनमध्ये इम्पीरियल वॉर म्युझियम उभं करायचं ठरलं, तेव्हाच बायकांच्या कामाची नोंद ठेवण्यासाठी वेगळी उपसमिती नेमली गेली. युद्ध अजून चालू होतं, कोण जिंकणार तेही माहीत नव्हतं. त्या समितीने ऑलिव्ह एडिस नावाच्या फोटोग्राफर बाईला फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पाठवायचं ठरवलं. बाईने युद्धभूमीवर जावं का यावरून अधिकाऱ्यांनी इतके खोडे घातले, की प्रत्यक्षात ती निघाली मार्च १९१९ मध्ये, युद्ध संपल्यावर. तरी गेली. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन तिने रुग्णवाहिका चालवणाऱ्या, दुरुस्ती करणाऱ्या, कचेऱ्या सांभाळणाऱ्या बायकांचे फोटो काढले, आणि ते आज तिच्या नावावर आहेत. बायकांची आठवण आपोआप राहत नाही, त्यासाठी आधीच माणसं नेमावी लागतात, हे त्या समितीला १०० वर्षांपूर्वी कळलं होतं.

महाराष्ट्रात हे काम सुरू करायला दिल्लीच्या आदेशाची गरज नाही. पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी ही लष्कराची गावं. सातारा-कोल्हापूरकडे घरटी फौजी असलेली खेडी आहेत. तिथल्या कपाटांत निवृत्त परिचारिकांचे, डॉक्टरणींचे, १९९२ नंतरच्या अधिकाऱ्यांचे आल्बम पडून आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे निवृत्तांची यादी असते. एखाद्या विद्यापीठाने चार विद्यार्थी, एक स्कॅनर आणि दोन वर्षं एवढी गुंतवणूक केली तरी पुष्कळ हाती लागेल. तिथे जाऊन ‘तुमचा गणवेशातला फोटो द्या’ म्हणू नये, ‘तुम्ही काढलेले फोटो दाखवाल का’ असं विचारावं. आणि घाई करावी. क्लिक थ्रीच्या काळातल्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत, फोटोत कोण आहे, कुठला व्हरांडा आहे, हे त्यांनाच ठाऊक. त्या गेल्या की आल्बम उरतो, रद्दीवालाही तो वजनावर घेत नाही, कारण जाड पुठ्ठ्याला भाव वेगळा असतो.

यात एक अडचण आहे आणि ती सोपी नाही. फोटोग्राफरला नाव द्यायचं ठरवलं तरी फोटोतल्या माणसाचं काय? क्लेटनबरोबर गेलेल्या त्या अफगाण सैनिकाला नाव मिळायला हवं होतं. त्याने ते नको म्हटलं होतं असं मानायला काही आधार नाही, ते नुसतंच राहून गेलं. मावशीच्या फोटोतल्या जवानाने मात्र तोंड नको असं स्वतः सांगितलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला दोघंही सारखेच निनावी. तिथे कोण होतं आणि काय बोलणं झालं हे माहीत असल्याशिवाय दोघांतला फरक कळायचा नाही. म्हणून नुसते फोटो गोळा करून भागणार नाही, काढणारीचं बोलणंही उतरून घ्यावं लागेल.

गेल्या दिवाळीत मी तो आल्बम पुन्हा काढला. टोप्यांच्या फोटोच्या पाठीवर मावशीच्या अक्षरात ‘फेब्रु. ७२, ढग’ एवढंच होतं. तिच्याच पद्धतीने पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: फोटो, मग तिचा तेव्हाचा हुद्दा, मग नाव. हुद्दा आधी की नाव आधी यावर थोडा वेळ अडखळले. तिने हुद्दा आधी लिहिला असता. त्याखाली जवानासाठी एक ओळ सोडली आणि आल्बम मिटला.